सर्व्हरचा सातबारा

संक्रांतीच्या आदल्या सोमवारी, म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या पतसंस्थेतला संगणक थांबला. बंद पडला नाही, थांबला. दोन्हींत फरक आहे. बंद पडलेला संगणक काळा होतो आणि लोक 'लाइट गेली असेल' म्हणून गप्प बसतात. थांबलेल्या संगणकावर सगळं दिसत असतं. खातेदाराचं नाव दिसतं, शिल्लक दिसते, पुढे मात्र काही सरकत नाही. काउंटरपाशी आलेल्या एका आजींनी काचेतून वाकून पडदा पाहिला आणि म्हणाल्या, "दिसत्यात की माझं पैसं. मग द्या की."

आमच्या संस्थेत 'कॉम्प्युटरचं बघणारा' मी आहे. नेमणूक वसुलीला झाली होती. पण रुजू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता बाहेर काढला, ही वार्ता संचालक मंडळापर्यंत गेली आणि त्या दिवसापासून ज्यातून वीज जाते ते सगळं माझ्याकडे आलं. यात पाण्याचा पंपही धरलेला आहे.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत असतो. सोबतीला न वाटलेली कॅलेंडरं, सतरंज्या, सत्यनारायणाचा चौरंग आणि पाण्याचे जार. सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात आणखी चार सर्व्हर आहेत. एक खात्यांचा, एक फायलींचा, एक हजेरीचा. चौथा कशाचा ते कोणाला माहीत नाही, पण तो बंद केला की पासबुक छापलं जात नाही. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. चौघांनाही वाटतं, आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो. प्रत्यक्षात वाडा एक आणि चुली चार. ही युक्ती आजची नाही. आयबीएमनं १९७२ साली व्हीएम/३७० आणलं, तेव्हाच एका अवाढव्य यंत्राच्या अशा वाटण्या व्हायच्या आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला येणाऱ्या डिस्कच्या तुकड्याला 'मिनीडिस्क' असं नाव होतं. आमच्याकडे वाटण्यांचं काम प्रॉक्समॉक्स नावाचं व्हिएन्नाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर करतं. ते विकत न घेता वापरता येतं, हा त्याचा गुण संचालक मंडळाच्या सभेत एकमतानं मान्य झाला होता. पुढे जे घडलं त्यात त्याचा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर जिन्याखाली जाऊन पाहिलं. चारही मशीनच्या नावांपुढे पिवळा त्रिकोण. कारण एका ओळीत होतं: डिस्कवर जागा नाही.

जागा नाही? चार टीबी घेतली होती! बिल फायलीत आहे.

मी हे जरा मोठ्यानं बोललो असणार, कारण मागून आवाज आला, "कागद काढा. आधी कागद बघू."

हे आमचे सचिव अण्णा. तलाठी म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं इंदापूरकडे गेली. अण्णांना संगणकातलं काही कळत नाही, असं ते स्वतः सांगतात. पण जागा कमी भरते आहे म्हटल्यावर त्यांचे डोळे ज्या तऱ्हेनं चमकले, तसे ते ताळेबंदाच्या दिवशीही चमकत नाहीत. चाळीस वर्षं या माणसानं दुसरं काही ऐकलेलंच नाही. लोक यायचे आणि सांगायचे, आमची जमीन कमी भरते.

मी समजावून सांगायला लागलो. चार टीबी घेतली खरी, पण त्या दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क. जे एकीवर लिहायचं तेच दुसरीवरही लिहायचं, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. म्हणजे जागा दोन टीबीच. त्यातही डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक एक हजार चोवीसच्या पटीत. त्यामुळे कारखान्यातली दोन टीबी आमच्या पडद्यावर १.८ होते. १९९८ साली इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशननं या चोवीसवाल्या मापांना गिबीबाइट, टेबीबाइट अशी वेगळी नावंही दिली. पण ती नावं गंभीर चेहऱ्यानं उच्चारता येत नाहीत, त्यामुळे काउंटरवर ती कोणी वापरत नाही.

"म्हणजे गुंठा आणि आर," अण्णा म्हणाले. "गुंठा एकशे एक चौरस मीटर आणि वर थोडं. आर म्हणजे बरोबर शंभर. माणूस गुंठ्यात विकत घेतो आणि आरमध्ये नोंद बघून बोंब मारतो. पण आमच्याकडे शंभराला सव्वाचा फरक. तुमच्याकडे दहाचा?"

"साधारण दहाचाच."

"भारी धंदा आहे."

मग मी सांगितलं, या १.८ मध्येही फाइल-व्यवस्था स्वतःच्या नोंदवह्यांसाठी दीडएक टक्का आधीच बाजूला काढते. प्रत्येक फाइल कुठे ठेवली, कोणाची, केव्हाची, याचे तक्ते. तिथे आपल्याला काही ठेवता येत नाही.

"पोटखराबा," अण्णांनी निकाल दिला. "सातबारावर असतो, नांगर चालत नाही. पुढे?"

पुढे राखीव पाच टक्के. ईएक्सटी-फोर या फाइल-व्यवस्थेची रीत अशी, की पाच टक्के जागा मालकासाठी, म्हणजे 'रूट'साठी, राखून ठेवायची. डिस्क तुडुंब भरली तरी मालकाला आत शिरून साफसफाई करता यावी म्हणून. एसटीत विधानसभा सदस्यांसाठी सीट राखीव असते ना, तशी. आमदार काही येत नाहीत, पण पाटी असते. आमच्या बाबतीत ही सीट नव्वदएक जीबीची. मला वाटलं, सुटलो. राखीव कोटा कमी करणारी आज्ञा दिली. आकड्यात तसूभर फरक पडला नाही. मग ध्यानात आलं की आमची चारही मशीन रूटच्याच नावानं चालतात. म्हणजे आमदारांच्या सीटवर रुमाल टाकून आपलीच माणसं केव्हाची बसलेली होती.

अकरा पस्तीस. वर काउंटरवर मॅनेजर मॅडम 'सर्व्हर डाऊन आहे' असं सांगत होत्या आणि बाजाराला आलेले लोक 'मग वर घ्या की' म्हणत होते.

जागा कोणी खाल्ली हे विचारायला लिनक्समध्ये दोन जुन्या आज्ञा आहेत. एक डीएफ, दुसरी डीयू. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तकातही दोघी आहेत, म्हणजे पन्नास वर्षांवर एका घरात नांदतायत. पण दोघींचा हिशोब एकमेकींशी जुळेलच असं नाही. मी डीएफला विचारलं. तिनं पापणी लवायच्या आत सांगितलं: जागा १,८३३ जीबी, वापर १,८३३ जीबी, शिल्लक शून्य. मग डीयूला विचारलं. ती उठली, पदर खोचला आणि कामाला लागली. एकेक कप्पा उघडायचा, एकेक फाइल हातात घ्यायची, वजन करायचं, मांडून ठेवायचं. पाऊण तास लागला. तेवढ्यात शिपाई मामा दोनदा चहा देऊन गेले. शेवटी डीयूनं आकडा सांगितला: १,११३.

"हे बघा," मी अण्णांना म्हणालो, "एक म्हणते अठराशे तेहेतीस भरलंय, दुसरी म्हणते अकराशे तेरा. सातशे वीस जीबी कुठे गेली?"

अण्णा खुर्ची ओढून बसले. इतका वेळ ते उभे होते. "पहिली बाई जागेवर गेली होती का?"

"नाही. डिस्कच्या दप्तरात किती घरं रिकामी अशी नोंद असते, ती वाचून सांगते."

"आणि दुसरी साखळी घेऊन फिरून आली."

"हो."

"मग सरळ आहे. एक सातबारा आहे, दुसरी मोजणी. यांचा मेळ कधी बसला म्हणजे मलाच घाबरायला व्हायचं." ते जरा थांबले. "शेजारी कोण आहे?"

"कोणाच्या?"

"सर्व्हरच्या. बांध कोरला असेल."

सर्व्हरच्या शेजारी पाण्याचे जार आहेत, हे मी त्यांना पटवून दिलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. त्यांच्या अनुभवानुसार जमीन कमी भरली की शेजारी असतोच.

पण त्यांच्या पुढच्या प्रश्नानं काम झालं. ते म्हणाले, "कोणाचं नाव कमी केलंय का एवढ्यात? फेरफार काही?"

नाव कमी केलं होतं. आठवडाभरापूर्वी, सर्व्हर ज्यांनी पुरवला त्यांच्याकडचा मुलगा येऊन गेला होता. मशीनच्या बारीकसारीक नोंदी लिहून ठेवणारा एक प्रोग्राम आहे. त्याची नोंदींची फाइल सत्तर जीबीची झाली होती. एवढ्या नोंदी कसल्या, तर 'जागा संपत आली आहे' या. मुलानं ती फाइल डिलीट केली, चहा घेतला आणि गेला. आता युनिक्सच्या घराण्यात डिलीट करणं म्हणजे फाइलचं फक्त नाव खोडणं. एखाद्या चालू प्रोग्रामनं ती फाइल उघडून हातात धरलेली असेल तर जागा सुटत नाही. प्रोग्राम त्या बिननावाच्या फाइलीत खुशाल लिहीत राहतो. डीयूला ती दिसत नाही, कारण कप्प्यात नावच नाही. डीएफ मात्र जागा व्यापलेली दाखवते, कारण ती व्यापलेलीच असते.

हे ऐकताना अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला मी समाधानच म्हणेन. "कूळ," ते म्हणाले. "कूळ लागलंय. नाव गेलं, वहिवाट राहिली. १९५७ च्या एक एप्रिलला जो कसत होता, जमीन त्याची झाली. मूळ मालक पुण्यात बसून सातबारा बघतोय, आणि जमिनीत उभा कोण?"

उभा तो प्रोग्राम होता. खोडलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फायलींची यादी देणारी एक आज्ञा असते, ती चालवली. कूळ आपल्या क्रमांकासकट समोर आलं. कुळकायद्यापेक्षा लिनक्सचा कायदा सोपा आहे: प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा. हातातली फाइल सुटते, जागा मोकळी. ना तहसीलदार, ना अपील. सत्तर जीबी एका क्षणात परत आली, चारही त्रिकोण गेले आणि वर काउंटरवर पासबुकाचा प्रिंटर करकरला. आजींना त्यांचे पैसे मिळाले. जाताना त्या म्हणाल्या म्हणे, "दिसत तर मगापासून व्हतं."

पण हिशोब अजून साडेसहाशे जीबीला चुकत होता. दप्तरात १,७६३, मोजणीत १,११३.

दुपारी मॅडम खाली आल्या. त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आजवर सांगायची टाळत होतो. चारही मशीनना आपण सहाशे-सहाशे जीबीचा वाटा लिहून दिला आहे. म्हणजे चोवीसशे. आणि आहे किती? अठराशे. कोणाला खरोखर लागेल तेव्हा आणि तेवढीच जागा द्यायची, तोवर फक्त शब्द द्यायचा. याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. चौघांनी एकदम सगळी मागितली तर...

मॅडमनी मला हातानं थांबवलं. "सर, आपण पतसंस्था आहोत," त्या म्हणाल्या. "सगळे ठेवीदार एकाच दिवशी आले तर काय, हे मला नका समजावू."

हा विषय आमच्या संस्थेत इतक्या चटकन कोणाला समजला नव्हता. त्यांनी लगेच वरच्या मजल्यावर फर्मान काढलं: ज्यानं त्यानं आपापल्या अनावश्यक फायली काढाव्यात. अनावश्यक म्हणजे काय यावर अर्धा तास वाद झाला. अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फोटो अनावश्यक म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण तेच फोटो 'वाढदिवस', 'वाढदिवस अंतिम', 'वाढदिवस अंतिम नवा' आणि 'छपाईसाठी हाच घ्या' अशा चार फोल्डरांत होते, तेव्हा तिघांवर संक्रांत आली. एकेक फोटो पाच एमबीचा. १९५६ साली आयबीएमनं रामॅक नावाचं यंत्र काढलं, त्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात पन्नास लाख अक्षरं मावायची. म्हणजे टनभर लोखंडात आमचे अध्यक्ष एकदाच मावले असते, तेही शाल न पांघरता.

सगळ्यांनी मिळून एकशे चाळीस जीबी साफ केली. फायलींच्या मशीननं सांगितलं, एकशे चाळीस मोकळी. मी खाली जाऊन मूळ सर्व्हरला विचारलं. तो म्हणाला, कुठे काय?

कारण असं, की भाडेकरूनं खोली रिकामी केली पण घरमालकाला किल्ली दिली नाही. आतलं मशीन फाइल खोडतं ते आपल्या आतल्या वहीत. बाहेरच्या सर्व्हरला एवढंच ठाऊक, की अमुक घरं मी कधीतरी दिली होती. ती मोकळी झाली हे आतून कोणी कळवलं नाही तर तो ती भरलेलीच धरतो. कळवायची सोय आहे. सर्व्हरच्या बाजूनं डिस्कच्या मांडणीत 'डिस्कार्ड' नावाच्या चौकटीत खूण करायची आणि आतून ट्रिमची आज्ञा द्यायची. ती खूण आमच्याकडे केलेली नव्हती. कोणी करायला हवी होती, हा प्रश्न मॅडमनी विचारला नाही. त्या फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद-चालू करून मी ती खूण केली आणि एकशे चाळीस जीबी खाली उतरली. दप्तरातूनही उतरली, मोजणीतूनही. तफावत जशीच्या तशी, साडेसहाशे.

एक लाजिरवाणी गोष्टही याच शोधात निघाली. खात्यांच्या मशीनचा एक स्नॅपशॉट. स्नॅपशॉट म्हणजे अमुक क्षणी मशीन जसं होतं तसं गोठवून ठेवणं. काही नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी घ्यायचा, सगळं सुरळीत झालं की काढून टाकायचा. तो असेपर्यंत जुनं एकही पान फाडता येत नाही. बदल झाला की नवं पान लावायचं आणि जुनंही तसंच सांभाळायचं. नोंदवही दोन्हीकडून फुगत जाते. हा स्नॅपशॉट २०२२ सालचा होता. त्याचं नाव होतं 'नंतर डिलीट करणे'. घेणाऱ्याचं नाव विचारू नका. अक्षर माझंच होतं, एवढं म्हणतो, आणि छापील अक्षराबद्दल असं म्हणता येत नाही हेही मला माहीत आहे.

चारच्या सुमाराला सर्व्हर पुरवणाऱ्यांकडच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "नवीन डिस्क टाकून घ्या ना सर." दवाखान्यात जाऊन वजन कमी होतंय म्हणावं आणि डॉक्टरांनी लहान मापाची पँट शिवून घ्या म्हणावं, तसं वाटलं. मग इनोड संपलेत का ते पाहिलं. बारीक बारीक फायली लाखोंनी झाल्या तर जागा असूनही नवं नाव लिहायला ओळ उरत नाही, असाही एक आजार असतो. तो आम्हाला नव्हता.

साडेपाचला संस्था बंद झाली. अण्णा गेले नाहीत. जिन्याखाली सत्यनारायणाच्या चौरंगावर बसून त्यांनी तंबाखू मळली आणि आपणहून बोलायला लागले. त्यांना कुठे काय सांगायचं असतं हे ते कधी आधी ठरवत नाहीत.

"इंदापूरला असताना एक गाव होतं माझ्याकडे. एक माणूस दर महिन्याला यायचा. म्हणायचा, माझी जमीन दप्तरात आहे. मी म्हणायचो, आहे. म्हणायचा, मग मोजून द्या. आता काय मोजून देऊ? उजनीचं पाणी आलंय. साखळी धरायला गेलं तर कमरेइतकं पाणी, पुढे होडी. जमीन गेली का? नाही गेली. आहे तिथंच आहे. जुनं पळसदेव तसंच गेलं की पाण्यात. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तिथं आता पुण्याची मंडळी फोटो काढायला येतात. बाकीचे महिने तिथं कोणी साखळी घेऊन गेला तर काय मोजेल? पाणी मोजेल."

मी माझ्याही नकळत उभा राहिलो होतो.

पाणी. आमच्याकडे बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क आहे. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क लावायची म्हणजे आपल्याच डिस्कवरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरवर ती बसवायची. याला माउंट म्हणतात. मग त्या फोल्डरमध्ये डोकावलं की आपली डिस्क दिसत नाही, पाहुणी दिसते. तो फोल्डर आधी रिकामा होता की भरलेला, हे बसवताना लिनक्स एका शब्दानं विचारत नाही. भरलेला असेल तर आतलं सगळं तिथंच राहतं, जागा धरून राहतं, आणि वरून पाणी.

डीयू दारापर्यंत गेली होती. आत पाणी बघून परत आली होती.

मी बाहेरची डिस्क उतरवायची आज्ञा दिली. 'युमाउंट' लिहिताना हात किंचित कापत होता, हे कबूल करतो; अण्णा पाठीशी उभे होते आणि तंबाखू थुंकायचं विसरले होते. मग जो फोल्डर रिकामा असायला हवा होता त्याची यादी मागितली.

वीस फायली. प्रत्येकी साडेबत्तीस जीबी. वीस गुणिले साडेबत्तीस, अण्णांनी तोंडी केलं, "साडेसहाशे." आणि मग फार हळू आवाजात, "आलं देऊळ वर."

पहिल्या फाइलीची तारीख खंडेनवमीची होती. शेवटची लक्ष्मीपूजनाच्या अलीकडची.

बाकीची गोष्ट शिपाई मामांनी स्वतःच सांगितली, कारण त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. खंडेनवमीला साफसफाईसाठी मी सर्व्हर बंद केला होता. पुसून-बिसून झाल्यावर मामांनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि रंगीत दिव्यांची माळ सोडली. माळेला बोर्डवर जागा नव्हती, म्हणून एक पिन काढली. ती बाहेरच्या डिस्कची होती. "सर्व्हरच्याच पूजेला काढली की साहेब," मामा म्हणाले, "माझ्या घरी नाय नेली." मी सर्व्हर सुरू केला. बाहेरची डिस्क नसली तरी अडून बसू नकोस असं त्याला मीच शिकवलेलं होतं, त्यामुळे तो बिनतक्रार सुरू झाला. रात्री बॅकअपची वेळ झाली. नेहमीचा फोल्डर होता, दार उघडं होतं, पाहुणी नव्हती. बॅकअप आतल्या कोरड्या जमिनीवर उतरला. रोज रात्री उतरत गेला. जुने बॅकअप आपोआप काढायची सोय आहे, पण 'जुनं काही काढायचं नाही' असं ऑडिटरसाहेब एकदा कशाच्या तरी संदर्भात म्हणाले होते, म्हणून ती मी बंद ठेवली होती. वीस रात्री हे चाललं. दिवाळीत माळ दारावर गेली, मामांनी आठवणीनं पिन परत लावली, सुट्टीत सर्व्हर पुन्हा बंद-चालू झाला आणि बाहेरची डिस्क आपल्या जागी येऊन बसली. पाणी चढलं. तेव्हापासून आम्ही भरलेल्या गावावरून होड्या हाकत होतो.

त्या वीस दिवसांत रोज सकाळी मला 'बॅकअप यशस्वी' असा संदेश येत होता. तो खोटा नव्हता. यश कुठे ठेवलं आहे, ते फक्त त्यात लिहिलेलं नव्हतं.

मी फायली खोडायला निघालो, तर अण्णांनी मनगट धरलं. पंचनाम्याशिवाय हात लावायचा नाही. मॅडमना फोन करून बोलावलं, त्या अर्ध्या वाटेतून तिळगुळाच्या पिशवीसकट परत आल्या. अण्णांनी फुलस्केपवर लिहिलं: जिन्याखालील खोलीत, पंचांसमक्ष, जलमग्न अवस्थेतील वीस नग मिळून आले. खाली मॅडमची सही, मामांची सही, माझी सही. मी विचारलं, आता खोडू? मॅडम म्हणाल्या, हे बॅकअप खोटे आहेत का? म्हटलं, नाही, खरे आहेत. त्या वीस दिवसांचे बॅकअप दुसरीकडे कुठे नाहीतच. मग खोडायचे कशाला, त्या म्हणाल्या. शेवटी डिस्क पुन्हा बसवली, पण दुसऱ्या फोल्डरवर, आणि वीसही नग रात्रभर तिच्यावर वाहून नेले. पुनर्वसन म्हणतात त्याला, अण्णांनी दुरुस्ती केली, आणि इतक्या लवकर झालेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी डीएफ आणि डीयू या दोघींचे आकडे जवळजवळ जुळले. अण्णांना ते पाहून बरं वाटलं नाही. "परत बघा," म्हणाले.

आता तो फोल्डर मी अशा मांडणीत ठेवला आहे, की त्यावर डिस्क बसलेली नसेल तर बॅकअप सुरूच होत नाही, उलट बोंब मारतो. ही सोय पहिल्यापासून होती. एका ओळीची आहे. पिनेची जबाबदारी अण्णांनी घेतली. त्यांनी जाड कागदावर लाल शाईनं लिहिलं, 'ही पिन काढू नये. काढल्यास कारवाई होईल. हुकुमावरून', त्यावर संस्थेचा गोल शिक्का मारला आणि दोऱ्यानं पिनेला बांधलं.

यंदाच्या खंडेनवमीला मामांनी त्या पिनेला हात लावला नाही. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल ठेवलं, नमस्कार केला आणि माळेसाठी दुसरी पिन काढली. कोणती, ते त्यांना आता आठवत नाही.